काळ्या ऑइलची बाजू

रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुणी गाडीखाली पसरट टब सरकवला, की दहा मिनिटांत तीन सल्लागार जमतात. परवा मी मोटारसायकलचं ऑइल काढायला बसलो तेव्हा पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे काका. टबात पडणारी काळी धार बघून म्हणाले, "शी! अहो, हे कधीच बदलायला हवं होतं." नवं ऑइल घालून पाचशे किलोमीटर व्हायच्या आतच ते असं काळं दिसायला लागलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ऑइल काळं पडतं, कारण ते कामाला लागलेलं असतं. बाटलीत नुसतं तेल नसतं. साधारण ऐंशी-नव्वद टक्के मूळ तेल आणि उरलेली रसायनं. त्यातल्या एका रसायनाच्या रेणूचं एक टोक काजळीला धरतं आणि दुसरं तेलात विरघळून राहतं, साबण कपड्यावरच्या मळाला धरतो तसंच. त्यामुळे काजळीचे कण एकमेकांना चिकटून गाळ होत नाही, ते सुटेसुटे तरंगत राहतात. हे कण काही दशक नॅनोमीटरचे, तर फिल्टरचा कागद अडवतो ते दहा-वीस मायक्रॉनचे, म्हणजे शेकडो पटींनी मोठे कण. फिल्टर बदलला की ऑइल स्वच्छ राहील ही अपेक्षा म्हणजे गाळणीतून चहाचा रंग गाळायला जाण्यासारखं. हजारो किलोमीटर चालूनही ऑइल मधासारखं पिवळं राहिलं, तर मला उलट काळजी वाटेल, की काजळी जाऊन बसली कुठे?

मग ऑइल संपतं म्हणजे नेमकं काय संपतं? मूळ तेल तसं टिकाऊ असतं, आधी खर्ची पडतात ती रसायनं. पेट्रोल जळताना आम्लं तयार होतात. ती मारण्यासाठी ऑइलमध्ये कॅल्शियमची अल्कधर्मी संयुगं घातलेली असतात, आणि प्रत्येक थेंब आम्लामागे ती थोडी थोडी कमी होत जातात. दुसरे शहीद म्हणजे पॉलिमरच्या लांब साखळ्या. ऑइल तापलं की त्या पसरतात आणि त्याला फार पातळ होऊ देत नाहीत. पण मोटारसायकलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकच ऑइल पितात, आणि गिअरच्या दातांमध्ये सापडून या साखळ्या तुटत राहतात. यातलं काहीही बोटावर ऑइल घेऊन, अंगठ्याने चोळून, वास घेऊन कळत नाही. गॅरेजवाले आणि काका तसं करतात, ती गोष्ट वेगळी.

किलोमीटरचा आकडाही पूर्ण खरं बोलत नाही. ३,००० किलोमीटर ताशी साठच्या वेगाने कापले तर इंजिन ५० तास फिरतं. तेच घोडबंदर रोडवर ताशी दहाने रांगत कापले तर ३०० तास! मीटर दोन्हीकडे तेवढंच दाखवतो. मानपाड्यापासून ठाणे स्टेशनपर्यंत रोज जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

घरच्या स्कूटरचं दुखणं याच्या उलट आहे. ती भाजी आणायला दीड किलोमीटर जाते आणि परत येऊन थंड होते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाचून खोटं वाटतं, पण पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हिशेब मांडला की तेवढंच निघतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडे उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडूनही जाते. दीड किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही, मग पाणी तिथेच साचतं. गेल्या जुलैत स्कूटरची डिपस्टिक काढली, तर टोपणाच्या आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखी साय जमलेली. मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात, ते अशाच गाड्यांसाठी.

असो, आपण टबाकडे वळू. ऑइल काढण्याआधी गाडी पाच मिनिटं फिरवून आणावी. १०डब्ल्यू-३० ऑइलची श्यानता, म्हणजे साध्या भाषेत दाटपणा, ४० अंश सेल्सिअसला ६५-७० सेंटिस्टोक असतो, १०० अंशांना दहा-अकराच. कोमट ऑइल भराभर निथळतं आणि तळाला बसलेला गाळही सोबत घेऊन येतं. यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. १०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे २५ अंशांना घेतात. ठाण्यात पंधरा-सोळा अंशांना कानटोप्या निघतात, त्यामुळे ती परीक्षा आपल्याला थेट कामाची नाही. पण पहाटे स्टार्टर मारल्यावर ऑइल वरपर्यंत लवकर पोचलेलं चांगलंच.

लवकर का, याचं उत्तर रेल्वेच्या चाकात सापडलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनीअर रेल्वेच्या आसांना असतात तशा बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर तेल आत जाईना, उलट भोकातून वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते निघून आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर पडली. शेवटी तिथे दाबमापक लावलं, तर काटा आसावरच्या सरासरी दाबाच्या दुपटीपलीकडे गेला. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढतो, त्या तेलाची पाचर होते आणि तिच्यावर तो आख्खा तरंगतो. याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडलं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून वेगात गेलं की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, ती हीच पाचर. रस्त्यावर जिने आपला जीव जातो, तिच्यावरच इंजिनचा जीव टिकून असतो.

पाचर होण्यासाठी वेग लागतो. इंजिन सुरू होण्याच्या क्षणी वेग नसतो आणि धातू धातूला टेकतो. तिथे जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग धावून येतं. घर्षणाच्या जागी त्याचा सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीचा थर बसतो आणि धातूऐवजी तो झिजतो. झिजला की ऑइलमधून पुन्हा बसतो, शिल्लक असेल तोवर.

निथळून झाल्यावर ड्रेन बोल्ट पुसला. त्याच्यावर राखाडी, चकचकीत लेप होता, बोटाला जाणवणारही नाही इतका बारीक. तेवढं चालतं. नखात धरता येईल असा तुकडा असता तर मेकॅनिककडेच गेलो असतो.

बोल्ट परत लावताना मात्र खरी भीती. बोल्ट पोलादाचा, इंजिनचा तळ ॲल्युमिनियमचा. जोर जास्त झाला की आटे जातात, आणि आटे गेले की शंभर रुपये वाचवायला निघालेला माणूस हजारांत जातो. बहुतेक मोटारसायकलींना २० ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला बारा-तेरा किलोंचा जोर. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. वॉशर नवा घालावा. जुना दबून चपटा झालेला असतो, आणि तो गळायला लागला की माणूस बोल्ट आणखी पिळतो. फिल्टरवर कुठली बाजू बाहेर हे छापलेलं असेल तर ते वाचावं. उलटा बसला तर ऑइलची वाटच बंद. स्कूटरमध्ये आणि १०० सीसीच्या काही गाड्यांमध्ये कागदी फिल्टर नसतोच, नुसती जाळी असते. ती पेट्रोलने धुवायची.

एक चूक माझी स्वतःची. तीनेक वर्षांपूर्वी भावाच्या मोटारीचं उरलेलं ऑइल मी मोटारसायकलमध्ये ओतलं होतं. चांगलं महागाचं, ५डब्ल्यू-३०. चौथ्या दिवशी मानपाड्याच्या उड्डाणपुलावर चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी काही पुढे सरकेना. मोटारसायकलच्या क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि पकड धरायला त्यांना घर्षण हवं असतं. मोटारीच्या ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असू शकतात. म्हणून मोटारसायकलच्या बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे जपानी मानक बघायचं. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला 'एमबी' चालतं.

राहिलं टबातलं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. त्यात न जळालेल्या इंधनाची, कर्करोगाशी नातं असलेली संयुगं असतात, म्हणून हातमोजे. एक लिटर ऑइल पाण्यावर अर्धा मायक्रॉन जाडीने पसरलं, तर ते दोन हजार चौरस मीटर व्यापतं, म्हणजे जवळजवळ अर्धा एकर. पहिल्या पावसात रस्त्यावर इंद्रधनुष्यी डाग दिसतात, त्यांची जाडी याच्याच आसपास असते. आमच्या गेटबाहेरचं गटार नाल्याला मिळतं, नाला खाडीला, आणि खाडीत फ्लेमिंगो चिखलात चोची घालून उभे असतात. ठाणे खाडीचं ते अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. मी सगळं पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये देतो. तिथलं पिंप शुद्धीकरणवाले उचलून नेतात.

कॅनला टोपण लावत होतो तेवढ्यात वॉचमन आला. "साहेब, थोडं जळकं ऑइल द्या की, गेटच्या बिजागरीला. लई कुरकुरतं." मी त्याला बाटलीत तळाला उरलेलं नवं ऑइल दिलं. गेट आता आवाज करत नाही. काकांची तक्रार आहे, की रात्री कोण किती वाजता आलं ते कळेनासं झालंय.