पार्श्वभूमी: जपानी पात्राचं नाव आणि त्याचं जन्मसाल

स्वतःच्या कथेतल्या पात्राला जपानी नाव द्यायचं तर बहुतेक जण अर्थाच्या मागे लागतात. चंद्र, वादळ, रक्त, काहीतरी झोकदार. जपानी वाचकाला मात्र आधी खटकतं ते वय. नव्वदीच्या आजीचं नाव ‘आरोही’ ठेवलं तर आपल्यालाही खटकेलच की. काझुको, साचिको ही ‘को’कारान्त नावं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेल्या बायकांची, 1990च्या दशकात जन्मलेल्या मुलींत मिसाकी शोभते.

आडनावांचं थोडक्यात आटोपतं. सामान्यांना ती लावायची मुभा 1870 मध्ये मिळाली, सक्ती 1875 मध्ये झाली.

खरी गोम आहे 1948 मध्ये लागू झालेल्या कुटुंबनोंदणी कायद्यात. मुलांच्या नावात फक्त रोजच्या वापरातली सोपी अक्षरं चालतील, असं त्याने ठरवलं. म्हणजे 1,850 कांजी (चिनी मूळची अक्षरं, एकेकीचे उच्चार अनेक) आणि हिरागाना, काताकाना या दोन्ही उच्चारानुसारी काना लिप्या. लोक कुरकुरले, म्हणून 1951 मध्ये खास नावांसाठी आणखी 92 कांजी आल्या. पुढे अधूनमधून भर पडत गेली आणि 2004 मध्ये यादी एकदम फुगली. मसुद्यात 578 अक्षरं होती आणि त्यांत विष्ठा, प्रेत, कर्करोग हेसुद्धा! ओरड झाली, तशी ही वगळली गेली. शेवटी 488 वाढली. त्यांतच स्ट्रॉबेरीचं अक्षर होतं. म्हणून 1990 मध्ये टोकियोत जन्मलेली नायिका इचिगो, म्हणजे स्ट्रॉबेरी, असू शकते, पण नोंदवहीत ते नाव या कांजीत नसणार, बहुधा हिरागानात असेल. आडनावाला ही यादी लागू नाही, हे लिहिणारे हमखास विसरतात.

अक्षरांवर एवढा पहारा, अर्थ आणि उच्चार मात्र मोकाट. 1993 मध्ये एका बापाने मुलाचं नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, नोंदवायला दिलं. दोन्ही अक्षरं यादीतली! प्रकरण न्यायालयात गेलं, अखेर बापानेच माघार घेतली. त्यानंतरही अक्षर एक नि उच्चार भलताच, अशी चकचकीत नावं वाढतच राहिली. नोंदवहीत उच्चार लिहिणं सुरू झालं थेट 26 मे 2025 पासून, आणि तो रूढ वाचनाला धरून हवा, ही अटही तेव्हाचीच. त्याआधी जन्मलेल्या पात्राच्या विचित्र उच्चाराला कायद्याची आडकाठी नाही; त्यानंतरच्या बाळाचं नाव ठेवताना लेखकालाही शब्दकोश उघडावा लागेल.