बोटभर चोणक, बोटभर गोबरा

मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाळं लावणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मावसभावाने घरच्या टाकीत पाळायला माशांची दोन पिलं आणली. "दोन्ही चोणकच (जिताडा) रे," म्हणाला. दोन्ही तपकिरी, मळकट, शेपटी गोल, तोंड अंगाच्या मानाने भलतंच मोठं. त्यातलं लहान होतं ते चोणक, दुसरं गोबऱ्याचं.

इतक्या लहानपणी ओळखायचं तर पाठीवरचा पर बघावा. चोणकाचा मधेच इतका खोल खचलेला असतो की दोन पर आहेत असं वाटतं. गोबऱ्याचा एकसलग, पुढे काटे आणि मागे मऊ. शिवाय चोणकाच्या पिलाला कपाळापासून नाकाडापर्यंत पांढरी रेघ असते. पणजीच्या बाजारात पाच किलोच्या चोणकावर ती शोधू नका, मोठेपणी जाते.

खरी गोम पाण्यात आहे. चोणक खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि पिलं नदीत वर चढतात, म्हणून त्याला खारं, मचूळ, गोडं सगळंच चालतं. पावसात मांडवी नदीचं पाणी गढूळ आणि कमी खारं होतं, तेव्हा तिच्या मुखाशी मिरामारला भरून आणलेला पाण्याचा कॅनही तो सोसेल. गोबऱ्याला मचूळ जमतं, गोडं नाही. त्याच्यासाठी पाकिटातलं समुद्री मीठ, खारेपणा मोजायचा हायड्रोमीटर आणि नेमाने पाणी बदलणं आलंच. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. सुंगटाचे (कोळंबीचे) तुकडे गिळणारा मासा घाणही तशीच करतो, त्यामुळे फिल्टर घेताना हात आखडू नये.

जागेचं मात्र उलटं. गोबरा दिवसभर पीव्हीसी पाइपात बसून राहील, आठवड्याभरात खायला घालणाऱ्याला ओळखूही लागेल. चोणकाला पोहायला हवं, आणि दचकला की तो उडी मारतो. तळ्यात वर्षभरात किलोच्या आसपास जाणारा मासा आहे तो. ठिपक्यांचा गोबराही मीटरभर होतो. चार फुटी टाकी दोघांनाही थोड्याच महिन्यांची. तरी ठेवायचाच झाला तर मी गोबरा ठेवीन.

गंमत म्हणजे चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, गोबऱ्याचं नेमकं उलटं. घरच्या काचेत तिथवर कोणी पोचत नाही.

भावाने दोन्ही एकाच टाकीत सोडली होती. चौथ्या दिवशी सकाळी मावशीने हाक मारली. गोबरा पाइपात नेहमीसारखा बसलेला, आणि त्याच्या तोंडाबाहेर गोल शेपटी.