स्पीकरचे रिकोनिंग (कोकण किनारा)

फाटलेला, झिजलेला किंवा कॉइल जळालेला ध्वनिक्षेपक टाकून न देता त्याचा चुंबक व सांगाडा तसाच ठेवून कोन (शंकूच्या आकाराचा पडदा), कॉइल (तारेचे वेटोळे), स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी लवचीक चकती) आणि मधली टोपी हे हलणारे भाग नव्याने बसवण्याचे काम. पद्धत सर्वत्र एकच. स्पीकरची पेटी डबलबारी भजनाच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) बुवांची असो, दशावतारी कंपनीची असो, की हौसेने घरी आणलेल्या पिनबॉल यंत्राच्या तळाशी खाली तोंड करून बसवलेला सहा इंची स्पीकर असो, काम तेच करावे लागते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत मात्र बिघाडाची कारणे घाटमाथ्यावरील कारणांहून बरीच निराळी असल्याने या भागातील कामाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

उगम : चुंबकाच्या फटीत कॉइल हलवून आवाज काढणारा ध्वनिक्षेपक नेमका कोणाचा, याबाबत एकमत नाही. जर्मन अभियंता एर्न्स्ट वेर्नर सीमेन्स याने १८७४ मध्ये वर्तुळाकार फटीत टांगलेल्या कॉइलचे एकस्व (पेटंट) घेतले. तेव्हा बेलचा टेलिफोनही अवतरला नव्हता. विद्युत् प्रवाहाने कॉइलला हालचाल देणे एवढाच सीमेन्सचा दावा होता. तिच्यातून ऐकू येण्याजोगा आवाज काढून दाखवल्याचा उल्लेख त्यात नाही. १८७७ च्या अर्जात त्याने कॉइलला चर्मपत्राचा पडदा जोडण्याची कल्पना मांडली. एवढ्यावरून त्याला आद्य मान देणारे अभ्यासक आहेत. पण त्या काळी कॉइलला पुरेसा प्रवाह पुरवील असा प्रवर्धकच (अँप्लिफायर) अस्तित्वात नव्हता, हे ध्यानात घेतले तर तो मान काहीसा उदार वाटतो.

१८९८ मध्ये ब्रिटिश भौतिकीविज्ञ ऑलिव्हर लॉज याने याच रचनेत एक भर घातली. चुंबकाच्या आतल्या व बाहेरच्या ध्रुवांमधली फट सर्व बाजूंनी सारखी राहावी म्हणून त्याने दोहोंमध्ये अचुंबकीय तुकडे बसवले. सर्वसाधारण इतिहासांत ही सुधारणा एका ओळीत उरकली जाते. दुरुस्तीच्या बाजूने पाहिले तर तिचे मोल फार मोठे आहे, कारण फट सारखी राखणे हाच रिकोनिंगचा गाभा आहे. त्यानंतर पीटर जेन्सन व एडविन प्रिडम यांनी कॅलिफोर्नियातील नापा येथे कॉइलला कर्णा जोडून १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मोठ्या जनसमुदायापुढे प्रयोग केला. मॅग्नाव्हॉक्स हे ध्वनिक्षेपकांचे नाव त्यांचेच. जाहीर सभेतल्या भोंग्याचा वंश इथून सुरू होतो असे म्हणण्यास हरकत नाही.

कर्ण्याविना चालणारा कागदी कोनाचा स्पीकर जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ च्या निबंधात मांडला आणि पुढच्याच वर्षी तो रेडिओला १०४ या रूपाने बाजारात आला. कोन लहान ठेवायचा, त्याची टांगणी इतकी मऊ करायची की त्याची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदाची कंपने) वापरायच्या आवाजाच्या पट्ट्याच्या खाली जाईल, आणि मागचा आवाज पुढच्या आवाजाला मारू नये म्हणून मध्ये फळी घालायची, ही त्यांची मांडणी. आज कारागिराच्या टेबलावर येणारा जवळजवळ प्रत्येक स्पीकर याच मांडणीचा असतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत तंत्राचा आरंभ १९२५ धरला असून सीमेन्स व लॉज यांना पूर्वसूरी मानले आहे.

चुंबकाचा इतिहास कारागिराला वेगळ्या कारणाने ठाऊक असावा लागतो. आरंभीच्या स्पीकरांत कायम चुंबक नसे. विजेवर चालणारी मोठी कॉइलच चुंबकाचे काम करी. पुढे अल्निको (लोखंडासह ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांची मिश्रधातू) आली. १९५० नंतर फेराइटची काळी चकती रूढ होऊ लागली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोबाल्टचे भाव भडकल्यावर तिने अल्निकोला बहुतांशी हुसकावले. अल्निको चुंबक ध्रुवपट्ट्यांतून (फट घडवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांतून) सुटा केला की त्याची शक्ती लक्षणीय घटते आणि पुन्हा भारित करण्याचे यंत्र गावोगाव नसते. फेराइट त्या मानाने सोशिक आहे. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला स्पीकर हाती आला, की मागचा चुंबक उघडायचा नाही, हा दंडक त्यामुळेच.

कोकणातील प्रसार : किनाऱ्यावर ध्वनिक्षेपक प्रथम बॅटरीवर चालणाऱ्या भोंग्याच्या रूपात आला असावा. कोयना प्रकल्पाचे पोफळी येथील भूमिगत वीजगृह चिपळूण तालुक्यातच आहे आणि त्याचा पहिला टप्पा १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातला. पेटीतले स्पीकर गावकुसापर्यंत पोहोचले ते बहुधा त्यानंतरच. गॅसबत्तीच्या उजेडात, पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने उघड्या गळ्याने होणाऱ्या दशावताराला मायक्रोफोन लागला तो याच ओघात. रत्नागिरीकडच्या नमन व जाखडी या लोककलांनाही पुढे तो आलाच.

झीज व तिची कारणे : स्पीकर ‘वाजवून वाजवून गेला’ असे मालक सांगतो. पुष्कळदा ते खरेही असते. स्पीकरला दिलेल्या विद्युत् शक्तीपैकी काही टक्केच आवाजात उतरते, उरलेली सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. तांब्याचा विद्युत् रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल दीडशे अंशांनी तापली तर ६ ओहमचे ९.५ ओहम होतात आणि आवाज आपोआप खाली बसतो. आवाज पडला म्हणून ऑपरेटर अँप्लिफायर आणखी चढवतो. मग वार्निश सुटते, वेढे सुटे होतात, आणि शेवटी जळका वास येतो. जनरेटरचा विद्युत् दाब उतरलेला असेल तर अँप्लिफायर ध्वनिलहरींची टोके लवकर कापू लागतो. ऐकणाऱ्याला तो फाटका आवाज वाटतो, कॉइलला तो निव्वळ ताप असतो.

किनाऱ्यावर मात्र जळालेल्या कॉइलइतकीच, किंबहुना अधिक, गंजलेली फट पाहायला मिळते, आणि तिचा दोषही उगाच वाजवण्यावर जातो. फटीत कॉइलच्या दोन्ही अंगांना जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास मोकळीक असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. साधे मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. समुद्रमिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच पाझरू लागते, म्हणजे ऐन थंडीतही ते पुरते सुकत नाही. वर्षाला २,५०० ते ३,५०० मिमी पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात असा थर ध्रुवपट्टीवर बसला की जस्ताचा मुलामा खचतो आणि लोखंड गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून मोठे असल्याने फट आतून भरत जाते. दशावताराचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो, पेट्या माळ्यावर जातात आणि गणपतीला उतरतात. त्या मधल्या महिन्यांत न वाजवताच बिघडलेला स्पीकर आरतीच्या पहिल्या दिवशी खरखरतो.

कागदी कोन दमट हवेत पाणी धरतो, जड होतो, नरमतो. त्यावर बुरशी चढते. कडेची स्पंजाची घडी असेल तर तीही किनाऱ्यावर फार काळ तग धरत नाही, कारण पॉलियुरेथेनचा एक प्रकार पाण्याच्या वाफेने मुळातच तुटतो. बोट लावले की चिकट भुगा हाती येतो. वार्निश मारलेली कापडी घडी त्या मानाने टिकाऊ, आणि मंडपाच्या पेट्यांत तीच असते. कोनावरून जोडणीच्या टोकांपर्यंत येणारी वेणीसारखी विणलेली तांब्याची तार हिरवी पडून आतल्या आत तुटते. बाहेरून ती धड दिसते, म्हणून फसवते. पेटीच्या प्लायवूडला वाळवी आणि डिंकाच्या लोभाने कोनाला लागणारी झुरळे यांचा उल्लेख करून हे प्रकरण आटोपते घ्यायला हवे.

पद्धत : प्रथम परीक्षा. दोन्ही हातांची बोटे कोनावर टोपीभोवती समान पसरून तो हळूच आत दाबतात आणि सोडतात. कान जवळ असतो. निरोगी स्पीकर निःशब्द हलतो. कॉइल घासत असेल तर वाळूवर पत्रा ओढल्यासारखी बारीक किरकिर येते. एकाच बाजूला जोर देऊन पाहिले की घासणारी दिशाही कळते. मग मल्टिमीटर: ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो, ४ ओहमचा तीन ते पावणेचारच्या दरम्यान. काहीच न दाखवल्यास आधी ती वेणीची तार तपासावी, कॉइल नंतर. कॉइल शाबूत आणि तार तुटलेली असेल तर रिकोनिंगची गरजच नसते, तरी तसे सांगणारा कारागीर भेटणे हा ग्राहकाच्या नशिबाचा भाग.

जुना कोन कडेने कापून काढल्यावर खरे काम फटीत असते. फुंकणीची हवा इथे कुचकामी, कारण लोखंडाचा किस चुंबक सोडत नाही. चिकटपट्टी दुहेरी दुमडून, चिकट अंग बाहेर ठेवून, ती फटीत घालून पूर्ण वर्तुळभर फिरवतात. पट्टी काळीतांबूस निघते ती बदलून पुन्हा, स्वच्छ निघेपर्यंत. पापुद्रा धरलेला गंज पितळी किंवा कठीण प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडतात. पोलादी पाते वापरले तर चुंबक ते हातातून ओढतो आणि ध्रुवाच्या कडेला चरा पडतो. ही पायरी घाईने उरकली तर नवा कोन पुढच्या पावसाळ्यापर्यंतही पुरत नाही. किनाऱ्यावरच्या रिकोनिंगच्या कष्टांचे चीज होते ते बहुतेक याच ठिकाणी.

नवी कॉइल मध्यावर राहावी म्हणून आतल्या ध्रुवाभोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या घालतात आणि त्यांवर कॉइल सरकवतात. पट्ट्या चार बाजूंना सारख्या जाडीच्या हव्यात. कॉइलची खोली अशी ठेवतात की तिचे वेढे वरच्या ध्रुवपट्टीच्या वर व खाली सारखे निघावेत. एका बाजूला जास्त गेले तर मोठ्या आवाजात विकृती येते. मग स्पायडर, नंतर कोन. कोन व कॉइल यांचा सांधा ताप सोसणाऱ्या एपॉक्सीचा, कडेचा रबरी सोल्यूशनचा. दमट दिवसांत हे गोंद सुकायला वेळ घेतात, म्हणून श्रावण-भाद्रपदात रात्रभर बल्बखाली ठेवण्याचा प्रघात आहे. पट्ट्या उपसून, पुन्हा दाबून ऐकून, शेवटी टोपी चिकटवतात. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावले की कोन बाहेर यायला हवा. एका पेटीतला स्पीकर बाहेर व शेजारचा आत जात असेल तर ढोलकीचा खर्ज दोघांमध्येच विरून जातो.

बदल की रिकोनिंग : ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की पेटीचे आकारमान व तिच्यातल्या हवा जाण्याच्या नळीची लांबी ही विशिष्ट स्पीकरच्या कंप्रतेशी, टांगणीच्या मऊपणाशी व चुंबकाच्या ताकदीशी जुळलेली असते. नुसता ‘बारा इंची, ८ ओहम’ बघून आणलेला स्पीकर भोकात बसतो, पेटीशी जुळेलच असे नाही. मूळ चुंबक व सांगाडा राखण्याचा हा मोठा लाभ. अर्थात कोन आणि स्पायडर मूळ वजनाचे मिळाले तरच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा घाट चढून कोल्हापुरात मिळणाऱ्या सुट्या किटमध्ये ते मिळतातच असे नाही. लहान घरगुती स्पीकरच्या बाबतीत नवाच बसवणे बहुधा स्वस्त पडते. तिथे ओहम मात्र मूळचाच ठेवावा लागतो, नाहीतर अँप्लिफायरवर भार चढतो.

व्यवसाय : स्वतंत्र रिकोनिंगची दुकाने कमी, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मोटार वाइंडिंग किंवा मंडप-साउंडच्या धंद्याला जोडून हे काम चालते. गर्दी गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात व पुन्हा शिमग्यापूर्वी असते. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास बंदी असून, सण-उत्सवांसाठी वर्षातील १५ दिवसांपर्यंत ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याची मुभा राज्य शासनाला आहे. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. पेट्या साठवताना त्या जमिनीपासून उचलून, उभ्या व कापडाने झाकून ठेवाव्यात असे कारागीर सांगतात. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आतली ओल आतच राहते. जड कोनाचा सुटा स्पीकर वर्षानुवर्षे आडवा पडून राहिला तर स्पायडर एका बाजूला बसतो. तो अधूनमधून पालथा करून ठेवतात.