दोमिनिओ दे वाल्देपूसा

स्पेनच्या कास्तिया-ला मांचा या स्वायत्त प्रदेशातील तोलेदो प्रांतात, मालपिका दे ताखो गावाजवळ असलेली द्राक्षबाग व वाइननिर्मितीचे केंद्र. ‘विनो दे पागो’ हा एकाच मळ्याच्या वाइनला मिळणारा दर्जा स्पेनमध्ये सर्वांत आधी लाभलेल्या मळ्यांपैकी हा एक असून तांबड्या वाइनसाठी तो ओळखला जातो.

ही जमीन तेराव्या शतकापासून एकाच सरदार घराण्यात चालत आली. या घराण्यातील कार्लोस फाल्को (१९३७–२०२०) यांनी, ज्यांचा सरदारी किताब ‘ग्रिन्योनचे मार्केस’ असा होता, बेल्जियममधील लूव्हाँ व कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे शिक्षण घेतले आणि १९७४ मध्ये येथे काबेर्ने सोव्हिन्याँ या फ्रेंच वाणाची लागवड केली. ला मांचाचा परिसर तेव्हा स्वस्त, घाऊक वाइनसाठीच प्रसिद्ध होता, त्यामुळे या प्रयोगामागचे धाडस आज सहजी लक्षात येत नाही. फाल्को यांनी बागेला ठिबक सिंचनाने पाणी दिले. स्पेनमधील द्राक्षबागांत ही पद्धत तोवर जवळजवळ अपरिचित होती आणि द्राक्षवेलींच्या सिंचनावर कायद्याने बंदी होती. ती १९९६ मध्ये उठली. फ्रान्समधील बोर्दो या वाइन-प्रदेशाचे तज्ज्ञ एमिल पेनो यांचा सल्लाही या मळ्याला मिळाला.

येथील वाइनचे मर्म मातीत आहे. वरचा चिकणमातीचा थर पातळ असून त्याखाली चुनखडीचा खडक आहे. चिकणमाती थोडी ओल धरून ठेवते आणि जादा पाणी खडकातून निचरून जाते. त्यामुळे वेल फार फोफावत नाही व मुळे खोल जातात. उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन असले, तरी रात्री गारवा येतो, म्हणून साखर वाढत असतानाही फळातली आंबटाई बऱ्याच अंशी टिकून राहते. पेती व्हेर्दो या वाणाच्या बाबतीत याचा परिणाम विशेष दिसतो. बोर्दोमध्ये हे उशिरा पिकणारे द्राक्ष अनेक हंगामांत पूर्ण पक्व होत नाही आणि मिश्रणात अल्प प्रमाणातच वापरले जाते. येथे मात्र ते पुरेसे पिकते, म्हणून त्याची स्वतंत्र वाइन काढता येते. ती गर्द रंगाची आणि भरपूर टॅनिनची (तुरटपणा आणणाऱ्या घटकाची) असते. सिरा व ग्रासियानो हे वाणही येथे घेतले जातात, आणि ‘एमेरितुस’ ही मळ्याची नामांकित मिश्र वाइन आहे.

पागोचा दर्जा २००२ मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षीच्या राष्ट्रीय वाइन कायद्याने ही श्रेणी देशभर लागू केली. माती व सूक्ष्म हवामान यांमुळे आजूबाजूच्या जमिनीहून वेगळा ठरणारा मळा आणि त्याच मळ्यातील द्राक्षे, ही तिची मुख्य अट आहे. मात्र पागो म्हणजे स्पेनमधील सर्वोत्तम मळ्यांची यादी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रिबेरा देल दुएरो या स्पेनमधील वाइन-प्रदेशातील वेगा सिसिलियासारखा ख्यातनाम मळा आपल्या प्रदेशाच्याच नावाने वाइन विकतो. या श्रेणीचा खरा उपयोग झाला तो ज्यांच्या प्रदेशाच्या नावाला बाजारात वजन नव्हते, अशा वाल्देपूसासारख्या मळ्यांना.