ख्रिस्ती श्रद्धेतील मरणोत्तर जीवन आणि शोक : कोल्हापूर परिसर

मृत्यूनंतर विश्वासणारा मनुष्य ख्रिस्ताच्या सान्निध्यात जातो आणि काळाच्या अखेरीस त्याचे शरीरही पुन्हा उठवले जाईल, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती शिकवण होय. आत्मा अमर आहे एवढ्यावर ती थांबत नाही. देह नाशवंत असला तरी तो टाकाऊ नाही, असे ती मानते; म्हणूनच प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राचीन संक्षिप्त विधानात, शरीराच्या पुनरुत्थानाचा स्वतंत्र उल्लेख येतो. या श्रद्धेचा पाया येशूचे पुनरुत्थान हा आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आहे, असे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात रोखठोक म्हटले आहे.

कोल्हापुरात ही शिकवण मुख्यतः प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलमंडळाने कारभार चालवणाऱ्या प्रोटेस्टंट, परंपरेतून रुजली. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये पत्नीसह येथे आले. पुढे १८७० च्या सुमारास हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे आहे. पन्हाळा तालुक्यातील कोडोली, तसेच सांगली व मिरज येथेही मिशनची केंद्रे झाली.

या परंपरेच्या १७व्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र आणि लघु प्रश्नोत्तरी यांनुसार नीतिमानांचे आत्मे मरणसमयीच पवित्रतेत परिपूर्ण होऊन देवाकडे जातात आणि शरीरे पुनरुत्थानापर्यंत कबरेत विसावतात. मरण आणि स्वर्ग यांच्या मधले, आत्मे शुद्ध होण्याचे शुद्धिस्थान तिला मान्य नाही, त्यामुळे मृतासाठी प्रार्थना करण्यास तीत जागा राहत नाही. रोमन कॅथलिक शिकवण याहून वेगळी आहे. तीत शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना व मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करतात आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृत विश्वासणाऱ्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. शोक करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक निव्वळ तात्त्विक नाही. कॅथलिक माणसाला गेलेल्यासाठी अजून काही करता येते; प्रोटेस्टंट माणसाच्या हाती मृताला देवावर सोपवणे आणि मागे राहिलेल्यांना आधार देणे एवढेच उरते.

वेस्टमिन्स्टर परंपरेच्याच १६४५ च्या उपासना-निर्देशिकेने कबरेजवळची प्रार्थना, वाचन आणि गायन बंद करण्यास सांगितले होते, ही गोष्ट आजचा मराठी दफनविधी पाहणाऱ्याला खरी वाटणार नाही. मृत्यूची बातमी कळताच मंडळीतील माणसे घरी जमतात, शवपेटीभोवती चटया अंथरल्या जातात आणि पाळक येईपर्यंत कोणीतरी गीत सुरू करते. थोरामोठ्यांना बहुतेक गीते पाठ असल्याने पुस्तक उघडण्याची गरज पडत नाही. पुढे चर्चमध्ये उपासना होते, तेविसावे स्तोत्र किंवा योहानाच्या शुभवर्तमानातील चौदावा अध्याय वाचला जातो आणि दफनभूमीत, मातीला माती मिळवताना, प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. २०२०–२१ च्या साथीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली तेव्हा अनेकांना सर्वांत जास्त सलले ते हे एकत्र गाणे हुकल्याचे.

शेजारच्या हिंदू घरांत तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन आणि पुढे दहावे, तेरावे होते. ख्रिस्ती घरात पिंडदान किंवा श्राद्ध नसते. तरीही भेटायला येणाऱ्यांचा ओघ तोच असतो, आणि घरोघरी सोयीच्या दिवशी सांत्वनाची प्रार्थना ठेवली जाते. तीत मृतासाठी मागणे नसते. त्याच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती आणि कुटुंबासाठी विनंती असते. वर्षश्राद्धाच्या जागी स्मरणार्थ उपासना होते. पाहुण्यांना जेवू घालणे मात्र कोणत्याही धर्मशास्त्राने थांबवलेले नाही.

आशा असेल तर रडायचे कशाला, हा प्रश्न अशा घरात अनेकदा ऐकू येतो आणि तो शास्त्राला धरून नाही. मित्र लाजराच्या कबरेशी स्वतः येशू रडला, तेही त्याला उठवण्यापूर्वी काही क्षण. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल खेद करू नका असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असे म्हणतो. नीतिमान असूनही लेकरे आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' हे वाक्य अंत्यविधीला हमखास येते, पण त्यानंतरच्या अध्यायांतील ईयोबाची तक्रार क्वचितच वाचली जाते. लेकरू गमावलेल्या आईला पहिल्याच दिवशी देवाची योजना समजावणारा सांत्वनकर्ता दुःखाचे कारण सांगत ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांच्या पंगतीत बसतो. ते मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले होते, तोवर त्यांचे वागणे योग्य होते.

दफन ही रूढी आहे, श्रद्धेची अट नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या देहाचे त्यांच्या इच्छेनुसार दहन झाले, आणि कॅथलिक चर्चनेही १९६३ मध्ये दहनावरील बंदी उठवली. तरी कबरेचे आकर्षण टिकून आहे, कारण तिथे जाता येते. येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, ईस्टरच्या, निमित्ताने कबरी झाडून, धुऊन त्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवल्या जातात.

धर्मांतरित कुटुंबांपुढे आणखी एक अवघड प्रश्न उभा राहिला : बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आईवडिलांचे, आजाआजीचे काय? काटेकोर प्रेस्बिटेरियन उत्तर दिलासा देणारे नव्हते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, आपला दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकते, असे मांडले. अनेक प्रोटेस्टंट पाळक अशा वेळी निवाडा देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोपवतात. काही जण पेत्राच्या पहिल्या पत्रातील, ख्रिस्ताने तुरुंगातील आत्म्यांना घोषणा केल्याच्या वचनाकडे बोट दाखवतात, मात्र त्या वचनाच्या अर्थाबद्दल भाष्यकारांत एकमत नाही.