दापोली (कॅम्प दापोली)

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील गाव व तालुक्याचे ठिकाण. तालुक्याच्या उत्तरेस मंडणगड, पूर्वेस खेड, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, खाडीपलीकडे गुहागर. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर, जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर वसले आहे. किनारा इतका जवळ असूनही खालच्या हर्णै-मुरुडची चिकचिक इथे जाणवत नाही. पाऊस मात्र हात आखडत नाही: वर्षाला सरासरी ३,५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

जुन्या पत्त्यांवर ‘कॅम्प दापोली’ असे लिहिलेले आढळते. मूळ खेडे ‘मौजे दापोली’ या नावाने आजही वेगळे आहे. गिम्हवणे, जालगाव, टाळसुरे ही शेजारची गावेही जुनीच. त्यांच्यामधल्या मोकळ्या सपाटीवर जे उभे राहिले ते इंग्रजांच्या लष्करी छावणीचे गाव. कोकणातली गावे बहुधा खाडीच्या तोंडाशी, देवळाभोवती किंवा बागायतीच्या कडेने वाढली. दापोली त्याला अपवाद आहे आणि तिचा पुढचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

या किनाऱ्यावर इंग्रजांचा पाय छावणी पडण्याआधीच रोवला गेला होता. १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून कमोडोर जेम्स याने तुळाजी आंग्रे यांच्याकडून हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्याच वर्षीच्या तहाने सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली, दक्षिण कोकण कंपनीच्या ताब्यात आले आणि दापोलीच्या सड्यावर लष्कराचा तळ पडला. हवा थंड, कवायतीला सपाट जमीन, आणि रसद उतरवायला हर्णैचे बंदर एका मजलेच्या आत, एवढे सगळे जुळून आलेली दुसरी जागा या भागात मिळणे अवघडच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छावणीचे महत्त्व ओसरले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबरी आणि पडक्या चर्चचे अवशेष मागे उरले.

फौज गेली तरी पेन्शनर राहिले, आणि दापोलीचे खरे मोठेपण इथूनच सुरू होते. मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकणातल्या महार समाजातील शिपायांचा भरणा मोठा होता. निवृत्त झालेली अनेक कुटुंबे कॅम्पात स्थायिक झाली. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेली आणि हुद्द्याचा मान मिळवलेली ही माणसे गावात परतल्यावर पुन्हा वेशीबाहेर उभी राहायला तयार नव्हती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ च्या सुमारास सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारलेल्या या माणसाने १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली; ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ही त्यानेच स्थापन केली. लष्करात महारांची भरती बंद झाली, तेव्हा या मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये विनंतिअर्ज लिहिला गेला. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीची पूर्वपीठिका शोधताना आधी महाड आणि नाशिककडे पाहिले जाते, दापोलीकडे फार उशिरा. हे बदलले पाहिजे.

त्याच दशकात पेन्शनरांनी मुलांना गावच्या म्युनिसिपल शाळेत घेण्यासाठी झगडा दिला. प्रवेश मिळाला, पण बसायची जागा वर्गात नव्हे, पडवीत. दापोलीचा आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला पडवीत बसून शिकणे म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही. पागोळ्या अंगावर, पाटी ओली, आणि गुरुजींचा आवाज पावसात बुडालेला. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ याच कॅम्पात राहिले. लहानगा भीमराव तेव्हा इथे होता. रमाबाईंचे माहेर वणंद, तेही दापोलीजवळचेच.

इथली मिशनची इंग्रजी शाळा हे गावाचे दुसरे वैभव. ती आज आल्फ्रेड गॅडने यांच्या नावाने ए. जी. हायस्कूल म्हणून चालते. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे तिथे शिकले. पालगडचे साने गुरुजीही तिथलेच विद्यार्थी. मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे (१९५८), काणे (१९६३) आणि डॉ. आंबेडकर (१९९०) असे भारतरत्नाचे तीन मानकरी एका तालुक्याच्या मातीशी जोडलेले आहेत. टिळकांचे मूळ गाव चिखलगावही याच तालुक्यात.

मुंबईला जायचे तर पूर्वी हर्णैहून आगबोट. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत नेल्या जात. आगबोटी बंद पडल्यावर भिस्त एस. टी. आणि खेडच्या कोकण रेल्वे स्थानकावर आली.

१८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने गावाला नवी ओळख दिली. त्याच्या वेंगुर्ले केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेला ‘रत्ना’ आंबा दरवर्षी धरतो आणि त्यात साका (गर आतून खराब होणे) होत नाही. ‘सिंधू’ची कोय अगदी पातळ असते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी मुळासकट उपटल्या. आजोबांनी लावलेली झाडे एका दुपारी आडवी झाली. त्यांच्या जागी लावलेल्या पोफळीला सुपारीचा पहिला घोस यायलाच पाच-सात वर्षे जातात.