‘शाकाहारी मटण’ आणि हृदय

अँजिओप्लास्टी होऊन मालवणला घरी आलेल्या माणसाला हमखास सांगतात: मटण सोड, पाकिटातलं, वनस्पतींपासून बनवलेलं शाकाहारी ‘मटण’ खा, त्यात कोलेस्टेरॉल नसतं. नसतं, हे खरंच. पण रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते ती मुख्यतः संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट). अशा कित्येक पाकिटांत खोबरेल असतं आणि त्यातली 80 टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्तच. वर मीठही भरपूर. तेव्हा पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचाच.

बदल फुकट जातो असं मात्र नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2020 मधल्या चाचणीत 36 जणांनी 8 आठवडे मांसाऐवजी असे पर्याय खाल्ले, एलडीएल, म्हणजे हेच वाईट कोलेस्टेरॉल, उतरलं. मला विचाराल तर आंबोळीसोबत काळ्या वाटाण्याची उसळ खा, वाटपातलं खोबरं निम्मं करून. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजीही चांगली, फक्त तिच्यात मटणाइतकी प्रथिनं नसतात.